हबीबभाईंनी कार्ड परत केले नव्हते

‘दारिद्र्यरेषेखालचे पिवळे कार्ड हबीब टेलर यांच्या दारात चालून आले होते. त्यांनी ते हात जोडून परत केले. मी गरीब नाही, माझ्या हातात कला आहे, हे कार्ड माझ्यापेक्षा गरजवंताला द्या, असे ते म्हणाले. असा स्वाभिमानी माणूस आता होणे नाही.’

हा मजकूर याच पुरवणीत, तीन आठवड्यांपूर्वी, शोकसभेच्या वृत्तांतात छापून आला आहे. वाक्ये गावातल्या एका जुन्या पुढाऱ्यांची आहेत. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. वार्ताहराने जे ऐकले ते लिहिले, त्याला मी दोष देत नाही. दोष सांगणाऱ्याचा आहे आणि ऐकून गप्प बसणाऱ्यांचा आहे. त्या सभेत वयाचा मान म्हणून मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. भाऊसाहेब बोलत होते तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंचे लोक माना डोलवत होते, आणि त्यांच्याबरोबर माझीही मान हलली. ती हलायला नको होती. हबीबभाईंच्या दारात कोणतेही कार्ड कधीही चालून आले नाही. जे हाती आलेच नाही ते परत करण्याचा प्रश्न येतो कुठे? आणि ‘माझ्या हातात कला आहे’ असे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले असते तर सगळ्यांत आधी त्यांनाच हसू फुटले असते. मी हे ठामपणे लिहितो, कारण त्या गावात दारिद्र्याची पाहणी झाली तेव्हा घरोघर फिरून तक्ते भरणारा प्राथमिक शाळेचा मास्तर मीच होतो. हबीबभाईंचा तक्ताही माझ्याच हातचा आहे.

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चार बरे शब्द बोलले जातात, त्यात एखादा जास्तीचा पडला तर इतके मनावर का घ्यावे, असे मला घरातच विचारण्यात आले. घ्यावे, याला कारण आहे. हबीबभाईंच्या पत्नी सकीना भाभी यांच्याकडे आज निराधारांच्या अनुदानाचा एक अर्ज भरून तयार आहे आणि त्यावर त्या सही करीत नाहीत. गावातली शहाणी माणसे त्यांना सांगत आहेत, की ज्याने कार्ड परत केले त्याच्या बायकोने सरकारपुढे हात पसरला तर गेलेल्या माणसाचे नाव जाईल. एका खोट्या स्तुतीने एका सत्तरीच्या बाईचे पुढचे जगणे अडवून धरले आहे. म्हणून हे लिहिणे.

ते गेले त्या दिवशी मी जळगाव जामोदला होतो, डोळे तपासायला. बसस्थानकावर वरवट बकालच्या गाडीची वाट पाहत असताना फोन आला. त्यांच्या मुलाचा, अनीसचा. “गुर्जी, अब्बा गेले,” इतकेच तो म्हणाला, आणि मग मागे बायकांच्या रडण्याचा आवाज… गाडी उशिरा आली. वरवट बकालला उतरून त्यांच्या गावी पोचलो तेव्हा जनाजा निघून गेला होता. मी तसाच कब्रस्तानात गेलो, तीन मुठी माती दिली, आणि बाजूला उभा राहिलो. तिथे जमलेल्या माणसांपैकी कितीतरी जणांच्या अंगावर हबीबभाईंनी शिवलेला सदरा होता. कापड जुने झाले होते, पण एकाचीही शिवण उसवलेली नव्हती. मला त्या क्षणी हे का दिसावे, सांगता येत नाही. चाळीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला हेच पाहायला शिकवले होते.

मी राहणारा वरवट बकालचा. नोकरीत सर्वाधिक वर्षे गेली ती तिथून सायकलने अर्ध्या तासावर असलेल्या त्या लहान गावात. शाळेच्या कुंपणाला लागून हबीबभाईंचे घर, आणि घरापुढच्या ओट्यावर टिनाच्या पत्र्याखाली त्यांचे पायमशीन. ‘टेलर’ ही पाटी नव्हती. पाटीची गरजही नव्हती. शाळेचे गणवेश तेच शिवत. मी रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांनी मला ओट्यावरून हटकले. “गुर्जी, या सदऱ्याची कॉलर कोनं लावली?” मी म्हणालो, शहरातल्या शिंप्याने. “मानूस रागावला होता काय तुमच्यावर?” मी तेव्हा तरुण होतो आणि मानी होतो, मला ते झोंबले. पण दुसऱ्या दिवशी सदरा त्यांच्याकडे टाकला. परत मिळाला तेव्हा कॉलर मानेवर अशी बसली होती की शाळा सुटेपर्यंत मला आपण सदरा घातला आहे याची आठवणही झाली नाही. त्याचे ते काही घेईनात. “पह्यली दुरुस्ती दोस्तीत,” म्हणाले.

दोस्ती झाली ती अशी. त्यांच्या कामाची एक पद्धत होती, ती नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर आले. कापड बेतताना ज्या कातरणी उरतात त्या हबीबभाई गिऱ्हाइकाला परत करीत. पुष्कळ लोक त्या नेत नसत. मागे राहिलेल्या कातरणी ते रंगावारी लावून, एका पेटीत इस्त्री करून ठेवीत, आणि त्यांतून आपल्या घरच्यांचे कपडे शिवीत. एकाची बाही, दुसऱ्याची पाठ, तिसऱ्याचा खिसा… जोड असा घालीत की तो जोड नसून मुद्दाम काढलेली नक्षी वाटावी. त्यांची मुलगी शबाना माझ्या वर्गात होती. वर्गातल्या जमीनदारांच्या मुलींपेक्षा तिचे फ्रॉक देखणे असत. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी एकदा तिला पुढे बोलावून विचारले, “बाळ, वडील काय व्यापार करतात?” ती म्हणाली, “शिवतात.” साहेबांना ते खरे वाटले नाही. ही शबाना सातवीनंतर शाळेत आली नाही. ती हुशार नव्हती म्हणून नव्हे. काज-बटणाला घरात एक जास्तीचा हात लागत होता म्हणून.

आता त्या पाहणीविषयी. दोन दशके होऊन गेली. उन्हाळ्याच्या सुटीत आम्हा शिक्षकांना तक्ते देण्यात आले. प्रत्येक घरासाठी एक तक्ता; त्यात जमीन, घर, कपडे, अन्न, शिक्षण, घरातल्या वस्तू अशा प्रश्नांचे रकाने; प्रत्येक प्रश्नाला शून्यापासून चारपर्यंत गुण. ज्याचे गुण कमी तो गरीब. शाळेत कमी गुण मिळवणाऱ्याला आम्ही छडी दाखवीत होतो, इथे कमी गुणवाल्याला कार्ड मिळणार होते. यावर हबीबभाईंनी ओट्यावर बसल्या बसल्या पुष्कळ करमणूक केली. “गुर्जी, आता तं नापास होयाचीच परीक्षा हाये म्हनता. आपला नंबर पह्यला.” शेजारचे कोणीतरी म्हणाले, “तुहा कायचा पह्यला बे? तुह्या पोरीचे कपडे पाय!” “अरे, कपड्यानं पोट भरते काय?” हबीबभाई म्हणाले, “मग मी सक्काऊन दोन पायजमे खाऊन निंगलो असतो.”

त्यांना कार्ड हवे होते. हे मी पुन्हा लिहितो, म्हणजे कोणाला शंका राहू नये. त्यांना ते हवे होते, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. गरजेची त्यांना लाज नव्हती. लाज त्यांना कच्च्या शिवणीची होती.

यादी लागली तेव्हा हबीबभाई रेषेच्या वर होते. दोन गुणांनी. फलकावर प्रत्येक घरापुढे फक्त एकूण बेरीज होती, कोणत्या प्रश्नाला किती ते लिहिलेले नव्हते. ते यादीसमोर बराच वेळ उभे राहिले, मग शाळेच्या फाटकाशी येऊन त्यांनी मला हाक मारली. “गुर्जी, मी काऊन वर गेलो?”

मी म्हणालो, “हबीबभाई, कपड्यांच्या रकान्यात तुम्हाला पूर्ण गुण पडले. माणशी किती कपडे, एवढेच तिथे विचारले आहे. ते कातरणींचे आहेत की नव्या ताग्याचे, याला जागाच नाही.”

ते हसले. हात कपाळाला लावून म्हणाले, “म्हंजे माह्या सुईनंच मले मारलं म्हना!”

मी त्यांचा समज दुरुस्त केला नाही.

उलट तो समज मी वाढवला. पुढची कितीतरी वर्षे, प्रशिक्षण वर्गांत, शिक्षकांच्या बैठकांत, वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्रांत, मी हबीबभाईंचे उदाहरण देत आलो. ज्या तक्त्याला जोडकाम कळत नाही त्याला गरिबी काय कळणार, असे मी विचारत असे, आणि लोक गंभीर होऊन ऐकत. माझे म्हणणे खोटे नव्हते. गरिबी वस्तू मोजून सापडत नाही हे मी त्या घराच्या ओट्यावरच शिकलो. सकीना भाभींची दाढ चैत्रात दुखू लागली तर ती जूनचे गणवेश शिवून होईपर्यंत दुखत राही. लवंग दाबून त्या काज करीत बसत. आजार कोणत्या महिन्यात काढायचा हे त्या घरात हंगाम ठरवीत असे. शबानाचा फ्रॉक मोजला गेला, पण ती कोणत्या इयत्तेतून उठली आणि कशासाठी उठली ते त्याच कागदावर शेजारी असूनही दोहोंची सांगड कोणी घातली नाही. माणसाचे जगणे कसे आहे हे विचारायचे असेल तर त्याच्याकडे काय आहे एवढे विचारून भागत नाही. ते टिकवण्यासाठी घरातल्या कोणी काय सोडले, तेही विचारावे लागते. हे सगळे मी मांडत असे, आणि त्याबद्दल माझे कौतुकही झाले. एका वर्गात साहेबांनी उठून माझा हात हातात घेतला. मी मात्र त्या तक्त्याला दोष देता देता एक गोष्ट त्याच्याआड ठेवीत होतो.

भाऊसाहेबांसाठी एक पुरावा इथेच नोंदवतो. यादी लागल्यावर हबीबभाईंनी हरकतीचा अर्ज केला होता. कार्ड परत करणारा माणूस कार्डासाठी अर्ज करीत नाही. तो अर्ज मी लिहिला, चांगल्या मराठीत, कपड्यांच्या रकान्यातला अन्याय मुद्देसूद मांडून. वाचून दाखवला तेव्हा हबीबभाई म्हणाले, “लय भारी लिवलं गुर्जी. पन याच्यात मी कुठी हाये? हे तं कोन्या वकिलाचं घर वाटते.” त्यांनी खाली सही केली. महिन्याभराने तोच अर्ज वरून माझ्याकडे आला, पाहणी करणाऱ्याचा अभिप्राय हवा म्हणून. तक्त्यातली माहिती बरोबर आहे का, एवढेच विचारले होते. मी लिहिले, ‘माहिती बरोबर आहे.’ अर्ज फेटाळला गेला. मागणीही माझ्या अक्षरात आणि नकारही माझ्याच अक्षरात. हबीबभाईंना मी सांगितले, वरूनच झाले नाही. “जाऊ द्या,” ते म्हणाले, “तुमी तं केलंच ना आपल्यासाठी.”

तोवर मी त्यांच्याकडे जेवणे बंदही केले होते… याचा खुलासा आजवर कोणापुढे केलेला नाही, तो केला पाहिजे.

मधल्या सुटीत मी हबीबभाईंच्या घरी जेवत असे. सुरुवातीला एक-दोनदा, मग रोजचेच झाले. त्या काळी आमच्या भाऊबंदांत मुसलमानाच्या घरचे पाणीही कोणी घेत नव्हते. माझ्या वडिलांनी त्यावरून माझ्याशी बोलणे टाकले होते. मला त्याचा अभिमान होता. शाळेच्या कार्यक्रमात, गावच्या सभेत, मी हातातला कागद बाजूला ठेवून सांगत असे की मी रोज हबीबभाईंच्या ताटात जेवतो, ज्याला यात वावगे दिसत असेल त्याने समोर यावे. समोर कोणी येत नसे. सकीना भाभी ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण वाढीत, बाजूला ठेचा. “तुम्ही बसा की सोबत,” असे मी प्रत्येक वेळी म्हणे. “आमचं आत्ताच झालं गुर्जी,” असे उत्तर प्रत्येक वेळी मिळे. हबीबभाई मशीनवरून ओरडत, “मले तं भूकच कमी हाये. तुमी वाढवा पोट, तुमाले पोरं हाकलायचे हायेत.” मी ते खरे धरून चाललो. कमी खाणारा माणूस, अशी त्यांची ख्यातीच होती. मी स्वतः ती दहा ठिकाणी सांगितली आहे.

पाहणीच्या त्या उन्हाळ्यानंतर शाळा उघडली आणि मी घरून डबा आणू लागलो. शाळेतच जेवू लागलो. चार-सहा दिवसांनी सकीना भाभी कुंपणाशी आल्या. “गुर्जी, आमच्या हातचं बंद केलं काय?” मी म्हणालो, पित्ताचा त्रास आहे, वैद्यांनी पथ्य सांगितले आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पदर सावरला आणि म्हणाल्या, “बरं.” नंतर गावात कोणीतरी मला शाबासकी दिली, ‘शेवटी आलेच ना गुर्जी आपल्या रस्त्यावर!’ तेव्हा मला कळले की त्या घरातही हाच अर्थ घेतला गेला असणार. मी खरे सांगू शकलो असतो. ते सांगितले नाही. माझ्या धाडसाची जी गोष्ट मी सभांतून सांगत आलो होतो ती तिथेच संपली, आणि ती का संपली हे कळू नये म्हणून मी पित्ताची गोळी खिशात बाळगू लागलो. हबीबभाईंनी मला एका शब्दाने विचारले नाही. माझे सदरे मात्र ते शिवत राहिले.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सकाळी सकीना भाभी सुयांत दोरे ओवून एका उशीला ओळीने टोचून ठेवीत, दिवसभर ते एकेक सुई काढून काम करीत. उशी रिकामी झाली की काम थांबे. कार्ड असते तर शस्त्रक्रिया लवकर झाली असती. ती झाली तेव्हा एका डोळ्याला उपयोग उरला नव्हता. गेल्या वर्षी ते अंथरुणाला लागले. डॉक्टरांनी अनीसला विचारले, यांचे खाणे इतके कमी कधीपासून झाले? अनीस म्हणाला, अब्बा पहिल्यापासूनच कमी खातात. डॉक्टर म्हणाले, पहिल्यापासून कोणी कमी खात नसते. हे अनीसनेच मला सांगितले. शेवटचे भेटलो तेव्हा हबीबभाईंनी उशीवरून हात पुढे करून माझ्या सदऱ्याची कॉलर चाचपली. नवीन सदरा तयार कपड्यांच्या दुकानातला होता. “हे मशीनचं काम व्हय गुर्जी,” ते म्हणाले. “याच्यात मानूस नसते.” त्यांनी डोळे मिटून घेतले.

शोकसभेनंतर मी हबीबभाईंच्या घरी गेलो तेव्हा अनीस ओट्यावर बसला होता. त्याला बापाची स्तुती रुचलेली दिसली नाही. “गुर्जी, लोक म्हनतात अब्बा स्वाभिमानी होते,” तो म्हणाला. “मी म्हन्तो, त्यायच्या शानेनंच आमाले बुडवलं. पाहनीवाले आले तं हे इस्त्रीचे कपडे घालून बसले असतीन. साहेबाले चहा पाजला असन. आपलं कसं झकास चाललं हे दाखवलं असन. म्हनून शबानाची सुटलेली शाळा सुटलेलीच राह्यली, म्हनून अब्बाचा डोया गेला.” पाहणीवाला साहेब त्याच्यासमोर बसला होता. अनीस तेव्हा लहान होता, त्याला आठवण नाही. मुलाने बापाला शान मिरवणारा म्हणावे आणि गावाने त्याच गोष्टीसाठी बापाला डोक्यावर घ्यावे… दोघांचा समज एकच होता, आणि तो दोघांनाही माझ्याकडून मिळाला होता.

मग सकीना भाभी बाहेर आल्या. हातात तो अर्ज होता. खाली बसल्या आणि म्हणाल्या, “गुर्जी, त्यायनं कार्ड वापस केलं म्हन्तात सारे. मले तं असं काही आठोत नाही. आता मी म्हातारी झाली, माह्यं डोकं चालत नाही. तुमाले आठोते काय? केलं असन तं मी यावर सही नाही करत. त्यायचं नाव काऊन खराब करू? पन नसन केलं… तं मले सांगा.”

मी त्यांना म्हणालो, सांगतो. आणि छत्री उचलून बाहेर पडलो. घरी येईपर्यंत माझ्याकडे उत्तरे तयार झाली होती, आणि सगळी तक्त्याविषयी होती. ती मी आता मागे घेतो. वीस वर्षे मी ज्या तक्त्याला मूर्ख म्हणत आलो त्याने एक प्रश्न अगदी नेमका विचारला होता. घरात दिवसाला किती वेळ जेवण होते? पाच उत्तरे छापलेली होती. त्यांतले एक निवडायचे होते. कपड्यांना पूर्ण गुण पडूनही या एका प्रश्नाचे उत्तर जसेच्या तसे उतरले असते तर ते दोन गुण राहिले नसते आणि हबीबभाई रेषेच्या खाली आले असते.

भाभी, तुम्ही विचारलेत त्याचे हे उत्तर. भाऊसाहेबांनाही हेच, आणि अनीस, तुलाही हेच. पाहणी करीत मी तुमच्या ओट्यावर आलो तेव्हा दुपार होती. कोणी इस्त्रीचे कपडे घालून बसले नव्हते. हबीबभाई बनियनवर होते. तुम्ही आधी मला जेवू घातले, मग मी हात पुसून तक्ता काढला. अन्नाच्या रकान्याशी आल्यावर मी त्यांना विचारले, आणि त्यांनी मशीन थांबवले. आत तुमच्याकडे एकदा पाहिले. “एक टैम,” ते म्हणाले. “लिवा.” मी म्हणालो, असे कसे हबीबभाई, मी तर रोज दुपारी इथे जेवतो. ते हसले, आणि मला वाईट वाटू नये अशा बेताने, हळूच म्हणाले, “तुमी जेवता तोच तं तो टैम, गुर्जी.”

त्यांनी एक वेळ सांगितली होती. ती लिहिली असती तर तुमच्या वाट्याचे ते एक जेवण रोज मी खातो, हे माझ्याच अक्षरात आले असते. मी दोन वेळ, वर्षभर, पोटभर, असे लिहिले.